‘स्टीलचा पाईप’ मागाल तर रेलिंगच मिळेल

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न: जुन्या बुलेटची फ्रेम मागच्या बाजूने कापून वाढवायची आहे. त्यात जे पोकळ दांडे वेल्ड करायचे त्यांना पाईप म्हणावं की ट्यूब? आणि ‘स्टील ट्यूब’ला बरा मराठी शब्द आहे का? सोबत तक्रारही आहे: ‘स्टीलचा पाईप द्या’ म्हटल्यावर दुकानदाराने बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) कठड्याला लावतात तो चकचकीत पाईप पुढे केला.

दुकानदाराचं काय चुकलं? मराठीत स्टील म्हणजे स्टेनलेस. स्टीलची बादली, स्टीलचा डबा, स्टीलचं ताट. तुम्ही स्टील मागितलंत, त्याने स्टील दिलं. हा घोळ मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी दोष मात्र गिऱ्हाइकाऐवजी दुकानदाराला. स्वयंपाकघरात हा गोंधळ चालून जातो, फ्रेमवर नाही. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. वेल्डिंगची उष्णता त्यातून चटकन पसरत नाही, ते साध्या पोलादापेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं, म्हणून नळी वाकडी होते. शिवाय साध्या फ्रेमला ते जोडायचं तर ३०९ जातीची वेगळी सळई लागते. गल्लीतल्या गॅरेजात ती असेलच असं धरून चालू नका.

आता ट्यूब. गॅरेजात ट्यूब म्हटलं की चाकाची, विजेच्या दुकानात म्हटलं की छताची. पाईपची अडचण निराळी. पाईप मोजतात आतल्या नाममात्र भोकावर, कारण त्यातून पाणी जायचं असतं. म्हणून ‘एक इंची’ पाईप बाहेरून ३३.७ मिमी भरतो. फ्रेमच्या नळीचं माप मात्र बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी असं द्यायचं. तिथे एक इंच म्हणजे २५.४ मिमी, उगाच वर-खाली नाही. तेव्हा पाणी वाहतो तो नळ, भार वाहते ती नळी. शब्द घरातलाच आहे. नड-नल म्हणजे बोरू, त्यापासून नळी, हे कोणीही सांगेल, पुढे जाऊ.

खरी गंमत ‘स्टील’च्या जागी काय घालायचं यात आहे. एका भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनी मध्यंतरी मोठ्या ऐटीत ‘पोलादी नलिका’ सुचवली. म्हणजे इंग्रजी हाकलायची आणि फारसी पाटावर बसवायची. पोलाद फारसीतून आलं हे त्यांना ठाऊक नसावं, किंवा फारसी जुनी झाली की शुद्ध होते असा काही नियम असावा. पोलादाशी माझं वैर नाही. पण त्याच्याआधी मराठीत एक अस्सल शब्द होता आणि जुन्या कोशांत तो अजून आहे: तिखें. नपुंसकलिंगी. लोहार कोयत्याचं पातं लोखंडाचं करी आणि धारेपुरतं तिखें सांधून त्याला पाणी देई, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करी. संस्कृतातलं तीक्ष्ण, प्राकृतात तिक्ख, आपल्याकडे तिखें. आयुर्वेदातल्या रसशास्त्राचे जुने ग्रंथ लोखंडाच्या मुंड, तीक्ष्ण, कांत अशा जाती सांगतात, त्यातली ही मधली. वरच्याच कैवाऱ्यांनी तिखें हे ‘टिकणे’पासून काढलं आहे. ट आणि त, क आणि ख यांत फरक न करणाऱ्याने व्युत्पत्ती सांगू नये, एवढंच म्हणतो.

आणि आता गोव्याकडे या. पोर्तुगीजमध्ये पोलाद म्हणजे ‘आसु’. तो लॅटिन ‘आकिएस’वरून आला, अर्थ धार, टोक. त्याच ‘आक्’ मुळातून ‘आकेर’ म्हणजे झोंबणारा, तीव्र, आणि त्याचं पोर्तुगीज रूप विनाग्रेच्या, म्हणजे शिरक्याच्या (व्हिनेगरच्या), शेपटाला चिकटलेलं आहे: ‘व्हिन्यु’ म्हणजे दारू, ती झोंबरी झाली की विनाग्रे. म्हणजे तिकडे धारेच्या शब्दातून पोलाद निघालं आणि शिरका निघाला. इकडे तीक्ष्णातून तिखें निघालं आणि तिखट निघालं. दोन्हीकडची मुळं वेगळी असताना दोन्ही भाषांनी जीभ आणि हत्यार या दोघांना एकच शब्द पुरवला! दोन्ही भाषा याच भूमीवर साडेचारशे वर्षं शेजारी नांदल्या. माझा तर्क असा की गोमंतकातल्या लोहारांच्या तोंडी तिखें घाटमाथ्यापेक्षा जास्त टिकलं असेल तर त्याला हा शेजार कारण असावा: मालक ‘आसु’ म्हणे, कारागीर ‘तिखें’ म्हणे, आणि दोघांच्या मनात धारच असे. तर्क आहे, पण मला तो सोडवत नाही.

आता यावरून कोणी फ्रेमच्या प्रत्येक नळीला तिखें म्हणू लागेल, तर तेही चूक. पाणी घेतं ते तिखें. बाजारातल्या साध्या एमएस (माइल्ड स्टील) नळीत कार्बन इतका कमी असतो की ती पाणी घेतच नाही, म्हणून कारागीर तिला ‘लोखंडी’ म्हणतो तेव्हा तो अडाणी नसतो, तोच बरोबर असतो. उलट ४१३० नावाच्या क्रोमोलीत कार्बन ०.२८ ते ०.३३ टक्के आणि जोडीला क्रोमियम, मॉलिब्डेनम. ही खरी तिख्याची नळी. वेल्ड केल्यावर ओलं फडकं लावलंत तर सांध्याशेजारी पाणी बसतं आणि तिथेच ती तडकते. वाऱ्याचा झोतही नको, आपली आपण निवू द्या. मात्र ती घेतली की फ्रेम जास्त ताठ होते हा गैरसमज आहे. ताकद वाढते, ताठपणा सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच, तो वाढतो व्यासाने. २५.४ मिमी व्यासाची १४ गेजची (गेज म्हणजे जाडीचा आकडा, आकडा लहान तितकी भिंत जाड) नळी आणि ३१.८ मिमीची १६ गेजची नळी वजनाला जवळजवळ सारख्या, पण दुसरी वाकायला सुमारे १.७ पट अवघड.

जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाईप स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरते. ‘सीमलेस’ला बिनशिवणीची म्हणा, ईआरडब्ल्यूला, म्हणजे पत्रा वळवून विजेने सांधलेलीला, शिवणीची. शिवणीची नळी वाकवताना शिवण बाजूला ठेवतात, कारण तिथे धातू ताणलाही जात नाही, दबलाही जात नाही. दुकानात मागताना शब्दाचा हट्ट नको, ‘एमएस, ईआरडब्ल्यू, बाहेरून इतके मिमी, जाडी इतकी’ असं सांगा. वाहनांसाठीच्या नळ्यांचं मानक आयएस ३०७४ आहे, तेही विचारा.

(फ्रेम कापण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही असं स्पष्ट केलं आहे. आणि चासी नंबराला ग्राइंडर लागू देऊ नका.)

‘वेल्डर’ला आयटीआयवाल्यांनी ‘संधाता’ केलं आहे. शब्द देखणा आहे, पण म्हापशात ‘ओ संधाता’ अशी हाक मारली तर मान कोण वळवणार? वेल्डर राहू द्या. राहिलं नळकांडं. ते पूर्ण नळीला म्हणू नका, तो तुकडा. दोन नळ्या टोकाला टोक जोडताना आत जो घट्ट बसणारा तुकडा घालतात, आणि बाहेरच्या नळीला भोकं पाडून तिथूनही वेल्ड भरतात, त्याला गॅरेजात स्लीव्ह म्हणतात. त्याला नळकांडं म्हणा.