परमुलखात आमच्या मुलीचं कसं होणार?

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्या बहिणीची मुलगी चोवीस वर्षांची आहे, नर्सिंग झालंय, इथेच वसईत जॉबला आहे, आणि आता म्हणते मला सिस्टर (म्हणजे चर्चची नन) व्हायचंय, ते पण मिशनवर पाठवणाऱ्या संस्थेत. म्हणजे उद्या टांझानियाला पाठवतील नाहीतर आणखी कुठे. घरात कादोडी बोलणारी मुलगी, तिथली भाषा, जेवणखाण, माणसं सगळंच वेगळं, बहिणीची तर झोपच उडालीय. वर शेजारचे म्हणतात मिशनरी काय धर्म बदलायलाच जातात, तिथल्या लोकांनी राग धरला तर? बहिणीला काय सांगू? – एक मावशी, वसई

उत्तर : मावशी, बहिणीची काळजी मला समजते, आईचा जीव आहे तो. पण तिला एका सिस्टरची गोष्ट सांगा, डॉक्टर रूथ फाऊ यांची, मला ती फार जवळची वाटते.

या मूळच्या जर्मनीतल्या लाइपझिगच्या, जन्म १९२९ चा. महायुद्धात बॉम्ब पडून घर गेलं, पुढे रशियाच्या ताब्यातला भाग सोडून पश्चिमेकडे पळून आल्या, मेडिकल केलं आणि १९५७ साली डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संस्थेत दाखल झाल्या. ही संस्था फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत सुरू झालेली, तेव्हा तिथे नन्सच्या संस्थांवर बंदी होती, त्यामुळे यांच्या सिस्टर सिस्टरांचा झगा घालत नाहीत, साध्या कपड्यात राहतात. संस्थेने त्यांना पाठवलं होतं भारतात बरं का! १९६० साली वाटेत व्हिसाची अडचण आली म्हणून कराचीत थांबल्या, आणि तिथे कुणीतरी त्यांना रेल्वेजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत नेलं. गटारं तुंबलेली, झोपड्या, आणि या रोगात नसा मरतात ना, त्यामुळे रात्री उंदीर बोटं कुरतडायचे तरी माणसाला कळायचं नाही. तिथे त्यांच्याच वयाचा एक तरुण हातापायांवर रांगत दवाखान्यात आला, जसं काही हे असंच असतं. ते बघून त्या राहिल्या, आणि राहिल्या त्या ५७ वर्षं.

आता भाषेचं आणि परकेपणाचं. १९६१ मध्ये त्या वेल्लोरला येऊन कुष्ठरोगाचं ट्रेनिंग घेऊन गेल्या, म्हणजे भारतात आल्या पण शिकायला, आणि परत कराचीला गेल्या. उर्दू शिकल्या, सलवार कमीज घालायला लागल्या. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी सगळं स्वतःच्या हातात ठेवलं नाही, तिथल्याच पोरांना ट्रेनिंग देऊन कुष्ठरोग टेक्निशियन केलं आणि ती पोरं डोंगराळ भागात पार खेडोपाडी गेली. कारण परक्या बाईने कितीही सांगितलं तरी गावातला माणूस जे बोलतो ते घरात पोचतं. काही आईबापांनी तर आजारी मुलांना गुहेत नाहीतर गोठ्यात कोंडून ठेवलेलं, अशा मुलांना त्यांनी बाहेर काढलं. पुढे सरकारही सोबत आलं, आणि १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जाहीर केलं, आशियातल्या अगदी पहिल्या देशांपैकी तो एक. आपल्याकडे आनंदवन बघितलेल्या माणसाला कळेल हे किती मोठं काम आहे.

शेजाऱ्यांच्या बोलण्याचं म्हणाल तर हा देश मुस्लिम, पेशंट मुस्लिम, बरोबर काम करणाऱ्यांतही मुस्लिम होते. त्यांनी जखमा धुतल्या आणि औषधं दिली. १९८८ मध्ये त्यांना पाकिस्तानचं नागरिकत्व मिळालं, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी गेल्या तेव्हा शवपेटीवर पाकिस्तानचा झेंडा होता, सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. राग धरलेल्या लोकांनी हे केलं असतं का, तुम्हीच सांगा.

अर्थात सगळ्यांच्या वाट्याला असं येत नाही. एकटेपणा येतो, आजारपण येतं, आईच्या शेवटच्या दिवसांत पोचता येत नाही, हे बहिणीपासून लपवू नका. पण एक गोष्ट तिला नक्की सांगा, की मुलगी आज गेली आणि कायमची अडकली असं होत नाही. आधी उमेदवारी, मग नोव्हिशिएट म्हणजे व्रतं घेण्याआधीचा शिकण्याचा काळ, तो किमान वर्षभराचा, त्यानंतरची पहिली व्रतंसुद्धा ठरावीक मुदतीची असतात, निदान तीन वर्षं तशी काढल्यावरच आजन्म व्रतांची वेळ येते. मुदत संपली आणि नको वाटलं तर ती मोकळी असते.

तेव्हा तुम्ही आणि बहीण दोघी तिच्यासोबत त्या संस्थेच्या कॉन्व्हेंटमध्ये जाऊन या. विचारा की पाठवण्याआधी भाषा शिकवतात का आणि किती महिने, तिथे बरोबर कोण असतं, घरी सुट्टीवर किती वर्षांनी सोडतात, आजारी पडली तर कोण बघतं. मिशनवरून परत आलेली एखादी सिस्टर भेटली तर तिच्याशी बोलताना बहिणीला पुढे बसवा, तुम्ही थोडं मागे राहा.