स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे रोज मारला तर चालतो का?

तुमचा प्रश्न असा: सकाळी उठल्याउठल्या शिंकांचा सपाटा, मग नाक चोंदलेलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी फ्लुटिकासोनचा स्प्रे दोन महिने रोज मारायला सांगितलाय. चार दिवस मारलात, फरक शून्य. त्यात माहितीपत्रकावर 'स्टेरॉइड' वाचलंत आणि थांबलात. सवय लागेल का, शरीराला अपाय होईल का, असं विचारताय.

मी बरीच वर्षं मेडिकलच्या काउंटरवर फार्मासिस्ट म्हणून काम करते आणि हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकते. माझं ठाम मत सांगते, लोक भलत्याच बाटलीला घाबरतात. स्टेरॉइडच्या स्प्रेला बिचकणारा माणूस नाक दोन मिनिटांत मोकळं करणारे ड्रॉप्स मात्र बिनधास्त मागतो. त्यात झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं म्हणून झटकन आराम पडतो. पण तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरलं की असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, माणूस परत ड्रॉप्स घालतो आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. सवय लागते ती या ड्रॉप्सची. फ्लुटिकासोनचं तसं होत नाही. उलट ड्रॉप्स सोडवताना डॉक्टर बऱ्याचदा स्टेरॉइडचाच स्प्रे देतात.

आता अपायाचं. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटच्या नेहमीच्या स्प्रेमध्ये एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम औषध असतं. मोठ्या माणसाला प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, म्हणजे दिवसाला 200 मायक्रोग्रॅम. यातलं बरंचसं घशातून पोटात जातं, पण यकृत ते जवळपास सगळं निकामी करून टाकतं. रक्तात पोचतं ते दोन टक्क्यांहूनही कमी. मोमेटासोन या दुसऱ्या स्टेरॉइड स्प्रेचंही असंच. बुडेसोनाइड आणि बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड स्प्रे मात्र रक्तात यापेक्षा बरेच जास्त उतरतात, त्यामुळे बाटलीवर नाव कुठलं आहे ते नक्की बघा. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊन चेहरा सुजलेला, साखर वाढलेली माणसं आपण पाहिलेली असतात आणि भीती तिथून येते. स्प्रेचं गणित वेगळं आहे.

आणि चार दिवस म्हणजे काहीच नाही हो. काहींना बारा तासांत थोडा फरक जाणवतो, पण पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे रोज मारावा लागतो. शिंका आल्या की मारला, नाही आल्या की ठेवला, असं करून हे औषध लागू पडत नाही.

सगळ्यात मोठी गडबड मारण्याच्या पद्धतीत असते. कुणी म्हणालं की 'स्प्रेने रक्त येतं', तर मी टोपण न काढता बाटली त्यांच्या हातात देते आणि म्हणते, करून दाखवा. मान मागे टाकलेली, नोझल सरळ वर, किंवा नाकाच्या मधल्या पडद्याकडे वळलेलं, आणि वर जोरात ओढलेला श्वास. औषध घशात उतरून कडू लागतं आणि पडद्यावर रोज एकाच जागी बसून तिथे खपली धरते. रक्त येतं ते तिथून.

बरोबर पद्धत अशी. आधी नाक हलकेच शिंकरा. बाटली हलवा. नवी असेल किंवा आठवडाभर पडून असेल तर बारीक तुषार येईपर्यंत हवेत दाबा. मान किंचित खाली. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. अशाने नोझल आपोआप पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. दाबताना श्वास अगदी अलगद घ्या, फुलाचा वास घेतो तेवढाच, आणि तोंडाने सोडा. नंतर पाव तास नाक शिंकरू नका. नोझल पुसून टोपण लावा, बंद झालं तर पिन घालू नका, धुवा.

जलनेती करत असाल तर आधी नेती, मग स्प्रे. पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नको. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर माणूस सहसा वाचत नाही.

काही जणांनी मात्र सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असलेले, नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालेले, गरोदर बायका, दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप आधीच घेणारे (दोन्हीचा डोस एकत्र धरावा लागतो), आणि रिटोनाविर, कोबिसिस्टॅट (एचआयव्हीच्या उपचारात देतात ती) किंवा इट्राकोनाझोल (बुरशीच्या संसर्गावरचं) चालू असलेले. ही तीन औषधं फ्लुटिकासोनचा निचरा अडवतात आणि मग ते रक्तात साठतं. लहान मुलांना महिनोन्‌महिने द्यायचं असेल तर अधूनमधून उंची मोजून घ्यावी.

तुमचा त्रास दरवर्षी पावसाळ्यात, गाजरगवत फुलल्यावर वाढतो का, हेही आठवून बघा. तसं असेल तर त्याआधी एक-दोन आठवडे स्प्रे सुरू करायचा का, ते डॉक्टरांना विचारा. बारमाही असेल तर धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), बुरशी किंवा झुरळं यांचा संशय धरा, आणि उशांच्या खोळी, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा.

तेव्हा आजपासून पुन्हा सुरू करा आणि निदान दोन आठवडे रोज मारा. रक्ताची एखादी रेघ दिसली तर त्या बाजूला दोन दिवस थांबा आणि मारण्याची पद्धत तपासा. रक्त वारंवार येत असेल, एकच नाकपुडी कायम बंद राहत असेल, वास यायचा थांबला असेल किंवा डोळ्यांना धूसर दिसायला लागलं, तर स्वतःहून फवारे वाढवू नका. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तुम्ही कसा मारता ते त्यांच्यासमोर करून दाखवा.