‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ या खेळातला ‘सब्बात’ पंथ नक्की काय मानतो, आणि नव्या माणसाला आत कसा घेतो?

तुम्ही लिहिलंय की मित्रांसाठी हा खेळ पहिल्यांदाच चालवायला घेताय. सब्बातबद्दल वाचताना डोक्यात फावडं घालून माणसाला जमिनीत पुरण्याचा प्रकार समोर आला आणि ‘यामागे काही श्रद्धा आहे की नुसतीच मारझोड?’ असा प्रश्न पडला. श्रद्धा आहे, आणि ती खोल आहे. पण ती फावड्यात शोधलीत तर सापडणार नाही. ती प्याल्यात आहे. पुण्यात मित्रांच्या एका गटासाठी मी बरीच वर्षं हा खेळ चालवतोय आणि त्यातली सलग दोन वर्षं आमची सगळी कॅरॅक्टर्स सब्बातमधलीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. अमेरिकेतल्या व्हाइट वुल्फ कंपनीने १९९१ साली तो काढला, मूळ रचना मार्क राइन-हेगन यांची. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक व्हॅम्पायर व्हायचं, एकाने ‘स्टोरीटेलर’ म्हणून गोष्ट पुढे न्यायची, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे दहा बाजूंचे फासे टाकायचे.

सगळ्याचं मूळ आहे काइन. मराठी बायबलमध्ये उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात ही गोष्ट येते. काइन आपल्या भावाला, हाबेलला, शेतात मारतो. देव त्याला शाप देतो आणि त्याच्यावर एक खूण करतो. मग तो एदेनच्या पूर्वेला नोद देशात जाऊन राहतो आणि मुलाच्या नावाने हनोख नावाचं शहर बांधतो. ती खूण नेमकी कसली, हे बायबल सांगत नाही. खेळाने तेवढीच फट पकडली. त्यांच्या कथेत ती खूण म्हणजे व्हॅम्पायर होणं. पहिला खुनी हाच पहिला व्हॅम्पायर.

नोदच्या अंधारात काइनला लिलिथ भेटते. ज्यू परंपरेतली ही आदमची पहिली बायको. ती त्याला रक्तातली ताकद वापरायला शिकवते. मग एकेक देवदूत येतो आणि ‘पश्चात्ताप कर’ म्हणतो. मीखाएल येतो, काइन नाही म्हणतो, त्याला आगीचं भय मिळतं. रफाएल येतो, पुन्हा नकार, सूर्य वैरी होतो. उरीएल येतो, पुन्हा नकार, आणि आता रक्त आणि राख याखेरीज त्याला काही गोड लागणार नाही. शेवटी गब्रीएल येऊन सांगतो की सुटकेची एक वाट तरीही उघडी आहे. इथे थोडं थांबा, कारण सब्बातची सगळी श्रद्धा या तीन नकारांवर उभी आहे. इतर व्हॅम्पायरांना ही पापाची गोष्ट वाटते. सब्बातला वाटतं की प्रत्यक्ष देवदूत समोर उभे असताना आपला मूळ पुरुष वाकला नाही. त्यांच्या लेखी काइन म्हणजे आदर्श, आणि आपण म्हणजे काइनची तलवार.

तलवार कुणाविरुद्ध, तर त्याच्याच नातवंडांविरुद्ध. हनोखमध्ये काइनने तिघांना आपल्यासारखं केलं, त्या तिघांनी पुढची पिढी केली. प्रलयानंतर या तिसऱ्या पिढीने आपल्याच जन्मदात्यांना मारलं. तेरा कुळं त्यांच्यापासून निघाली. हे प्रलयपूर्व म्हातारे आज कुठेतरी झोपलेत, झोपेतूनही सगळ्यांना सोंगट्यांसारखे हलवताहेत, आणि एके दिवशी उठून आपलीच वंशावळ खाऊन टाकणार. त्या दिवसाला गेहेन्ना म्हणतात. समोरचा मोठा गट, कॅमेरिला, अधिकृतपणे म्हणतो की असं कुणी नाहीच. सब्बात म्हणतो, आहेत, आणि ते उठायच्या आत आपण तयार हवं. नियम मोडणारी टोळी म्हणून सब्बातला चालवू नका. कयामत उंबरठ्यावर आलीये असं मनापासून मानणारी माणसं म्हणून चालवा. टेबलावरची हवा लगेच बदलते.

आता प्याल्याकडे येतो.

या खेळात एका व्हॅम्पायरचं रक्त तीन वेगवेगळ्या रात्री प्यायलं की पिणारा त्याचा बांधील होतो. ही साधी गुलामगिरी नाही. त्याला मालकावर प्रेमच वाटायला लागतं. खेळातल्या इतिहासात पंधराव्या शतकात युरोपात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयांच्या, आगी पेटल्या, तेव्हा म्हाताऱ्या व्हॅम्पायरांनी हेच हत्यार वापरलं. आपण मागे राहिले आणि बांधील तरुणांना पुढे, आगीत पाठवलं. त्यातून बंड झालं. १४९३ साली इंग्लंडमधल्या थॉर्न्स गावात तह झाला आणि बरेच बंडखोर परत गेले. ज्यांनी तह नाकारला त्यांचा सब्बात झाला. त्यात दोन कुळं प्रमुख. एक लसोम्ब्रा, ज्यांचं आरशात प्रतिबिंब पडत नाही. दुसरं कार्पेथियन डोंगरातलं झिमिशी, ज्यांना आपल्या मुलुखाची दोन मुठी माती उशाशी असल्याशिवाय झोप लागत नाही. दोन्ही कुळांचा दावा एकच, आम्ही आमच्या मूळ म्हाताऱ्याला संपवलं.

हे बंड शक्य झालं ते एका विधीमुळे. त्याचं नाव वॉल्डरी. ‘पॅक’ म्हणजे पाच-सहा जणांची टोळी. तिचा पुरोहित मधे प्याला ठेवतो. प्रत्येकजण मनगट कापून त्यात आपलं रक्त सोडतो. पुरोहित मंत्र म्हणतो, रक्त ढवळतो, आणि मग प्याला हातोहात फिरतो. हे प्यायलं की आधीचं कुणाचंही बंधन तुटतं. शंभर वर्षं कुणाच्या पायाशी पडून राहिलेला माणूस एका घोटात मोकळा होतो.

मोकळा होतो खरा, पण त्याच घोटात पॅकमधल्या प्रत्येकाशी त्याचं नवं बंधन जुळतं. त्याला विन्क्युलम म्हणतात. आणि खेळाच्या नियमांतली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे. हे बंधन किती घट्ट, हे खेळाडू ठरवत नाही. प्रत्येक साथीदारासाठी एकेक फासा टाकायचा, एक ते दहा. येईल तो आकडा म्हणजे तुमची त्याच्यावरची निष्ठा. दहा आला तर त्याच्यासाठी जीव द्याल. एक आला तर त्याचं असणं-नसणं तुम्हाला सारखंच. आणि दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे. तुम्हाला त्याच्याबद्दल नऊ असेल, त्याला तुमच्याबद्दल दोन. ‘कुणाचा गुलाम होणार नाही’ म्हणून जन्मलेला पंथ, आणि त्याच्या सगळ्यात पवित्र क्षणी प्रेम फाशावर ठरतं.

‘वॉल्डरी’ या शब्दामागचा खरा इतिहास वाचला तेव्हा मी त्या रात्री झोपलो नाही. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या लियॉनच्या वाल्डो नावाच्या व्यापाऱ्याने संपत्ती वाटून टाकून गरिबीत राहून उपदेश करायला सुरुवात केली. त्याचे अनुयायी वॉल्डेन्शियन, फ्रेंचमध्ये ‘व्होद्वा’. चर्चने त्यांना पाखंडी ठरवलं. पुढे या नावावर इतकी राळ उडवली गेली की पंधराव्या शतकात ‘व्होदरी’ या शब्दाचा अर्थच चेटूक झाला. १४५९-६० साली आजच्या उत्तर फ्रान्समधल्या आरास शहरात ‘व्होदरी’च्या आरोपाखाली माणसं पकडली, हालहाल करून एकमेकांची नावं वदवून घेतली, आणि कित्येकांना जिवंत जाळलं. सैतानाच्या रात्रीच्या सभेला जातात, क्रूस तुडवतात, असे आरोप. अशा सभांना पुढे युरोपात ‘सब्बात’ म्हणायला लागले. १४९१ मध्ये पॅरिसच्या पार्लमेंटने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तोवर जळायचे ते जळून गेले होते.

म्हणजे खेळातल्या या पंथाचं नाव आणि त्याच्या प्याल्याचं नाव, दोन्ही निरपराध माणसांवर ठेवलेल्या आरोपांमधून आली आहेत. त्या सभा खऱ्या कधी नव्हत्याच, त्या आरोप करणाऱ्यांच्या डोक्यातल्या होत्या. तुमच्या टेबलावर पुरोहित तो प्याला उचलेल तेव्हा हे मनात असू द्या. खेळाडूंना सांगा किंवा नका सांगू, पण तुमच्या आवाजात ते उतरेल.

आता फावडं. त्यालाही अर्थ आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे. युद्धाची गरज असली की सब्बात घाऊक भरती करतो. रस्त्यावरून माणसं उचलायची, डोक्यात फावडं मारायचं, रक्त काढून घ्यायचं, स्वतःच्या रक्ताचे थोडे थेंब तोंडात सोडायचे आणि खड्ड्यात टाकून माती लोटायची. जाग येते ती मातीखाली, अंधारात, भुकेने वेड लागलेल्या अवस्थेत. जो नखांनी माती उपसत वर येतो तो उरतो. अशांना ‘शॉव्हलहेड’ म्हणतात, आणि पंथात त्यांना किंमत नसते. ते सब्बातसाठी लढतात, पण अजून सब्बात नसतात. त्यातला कुणी पुढे टिकला, त्याने आपली लायकी दाखवली, तर त्याच्यावर रीतसर विधी होतात आणि तो ‘खरा सब्बात’ ठरतो. आवृत्तीप्रमाणे तपशील बदलतात, पण पुरणं आणि स्वीकारणं यांत अंतर आहे, हा गाभा कायम राहतो.

आपल्याकडच्या वाचकाला ही मृत्यूतून जाण्याची कल्पना परकी वाटू नये. संन्यास घेताना माणूस जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध घालतो. नागा साधूंच्या दीक्षेत स्वतःचं पिंडदान असतं. जुना माणूस मेल्याशिवाय नवा जन्मत नाही, हे सूत्र जगभरच्या दीक्षाविधींत आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की संन्याशी स्वतःहून येतो. खड्ड्यातल्या माणसाला कुणी काही विचारलेलं नसतं. म्हणून सब्बातच्या तोंडी स्वातंत्र्याचं प्रवचन असतं तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या अर्ध्यांच्या नखांत अजून कबरीची माती असते. माझ्या मते पंथाचं सगळं दुःख या एका चित्रात आहे.

बाकीचे विधी थोडक्यात. पंथभर सगळीकडे सारखे असे तेरा अधिकृत विधी आहेत. वॉल्डरी त्यातलाच एक. पुरोहित काइनची वचनं वाचतो तो प्रवचनाचा विधी, भांडण मिटवायला दोघांचं प्राणांतिक द्वंद्व, गद्दाराची शिकार, वगैरे. याशिवाय प्रत्येक पॅक आपले आपले छोटे विधी बनवतो, आणि ते खेळाडूंना बनवायला सांगाच. तेरांपैकी एक मात्र चुकवू नका, तो म्हणजे अग्निनृत्य. ढोलाच्या तालावर सगळे होळीसारख्या पेटलेल्या आगीवरून उड्या मारतात. व्हॅम्पायरला आगीचं भय स्वभावातच असतं, कारण तो मीखाएलचा शाप. म्हणजे प्रत्येक उडीत ते देवदूताला काइनचंच उत्तर पुन्हा देत असतात. हा दुवा खेळाडूंच्या ध्यानात आला की साधी उडीही प्रार्थना होऊन जाते.

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. पहिल्या वॉल्डरीला मी दिवे घालवले, मधे एक समई ठेवली आणि तांब्याच्या लोट्यात कोकम सरबत. लोटा फिरला, मग प्रत्येकाने फासे टाकले. आकडे फक्त मला सांगायचे, एकमेकांना नाहीत. आमच्यातले दोघं शाळेपासूनचे जिवलग. एकाला दुसऱ्याबद्दल नऊ आला. दुसऱ्याला त्याच्याबद्दल दोन. दोनवाल्याने कागदावर आकडा लिहिला आणि बराच वेळ पेन्सिल फिरवत बसला. पुढे कित्येक महिन्यांनी खेळात एका गोदामाला आग लागली आणि दोनवाला आत अडकला. नऊवाला भयाचा फासा टाकून, कसाबसा जिंकून, आत शिरला आणि त्याला ओढून बाहेर आणलं. नंतर पाळी उलटी आली. तेव्हा दोनवाला माझ्याकडे बघून म्हणाला, “मी जात नाही. माझ्यात ते नाहीये.” टेबलावर कुणी बोललं नाही. नऊवाल्याला तेव्हा कळलं.

एक व्यावहारिक गोष्ट. पुरण्याचा प्रसंग खेळायच्या आधी प्रत्येकाला एकेकट्याने विचारा. मी पहिल्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुणी काही म्हणालं नाही. त्याच रात्री एका मित्राचा फोन आला की त्याला बंद जागेची भीती आहे, लिफ्टनेही तो जात नाही. त्याच्यापुरता तो प्रसंग आम्ही मातीतून हात बाहेर आल्यापासून सुरू केला. काही बिघडलं नाही.

आणि वॉल्डरीचे आकडे कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला सांगा. कागद उलटा ठेवायचा. ज्याचा आकडा त्यालाच माहीत.