सिरॅमिक घ्यायचं म्हणतेय, घेऊ देऊ का?

देवगडहून एका आईने लिहिलंय. मुलगी बारावी सायन्सला, केमिस्ट्रीतला सॉलिड स्टेटचा धडा झाल्यापासून तिचा एकच धोशा, तापलेल्या सिरॅमिकमध्ये अणू कसे सरकतात ते शिकायचं. घरचे म्हणतात कॉम्प्युटर घे, काका तर म्हणाले "कपबशे करूक जातलंस काय?" आणि तेव्हापासून घरात रुसवाफुगवी. आईला विचारायचंय की यात पुढे काय आहे आणि हे शिकवतात कुठे.

ताई, आधी काकांचं बघू. त्यांच्या गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपात, गाडी फार जुनी नसेल तर, एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि तो बहुतेक वेळा झिर्कोनियाचा, म्हणजे सिरॅमिकचाच. त्यात मुद्दाम थोडं यिट्रियम नावाचं मूलद्रव्य घालतात, दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी पडते, आणि तापलं की शेजारचे ऑक्सिजन त्या जागेत उड्या मारत पुढे सरकतात. तुम्हाला आंब्याची पेटी माहितीच आहे, एक फळ कमी भरलं तर ट्रकच्या हादऱ्यांनी बाकीची हलायला लागतात, तसंच, फक्त इथे हादरे उष्णतेचे. अॅल्युमिनाची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची, पावडर दाबून १५०० ते १६०० डिग्रीला भाजली की न वितळताच घट्ट होते तीही अशाच सरकण्यामुळे, वितळायला तर २००० च्या वर जावं लागतं. अणुभट्टीतल्या युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्यासुद्धा सिरॅमिकच, १७०० च्या आसपास भाजतात, आपल्याकडे हैदराबादला होतं ते काम. (जैतापूरचा वाद इथे नको.)

आता खरी परीक्षा. व्हिडिओ बघून आवडणं वेगळं आणि गणित करत बसणं वेगळं, म्हणून तिला हे द्या: अणूला उडी मारायला लागणारी ऊर्जा मोलला ५०० किलोज्यूल धरली तर १४०० वरून १५०० डिग्रीला गेल्यावर अणूंचं सरकणं किती पट वाढेल? तापमानाने वेग किती बदलतो ते सांगणारं अऱ्हेनियसचं समीकरण बारावीलाच आहे. उत्तर साधारण साडेसात पट येतं, नुसत्या १०० डिग्रीने, आणि सेल्सिअसचे केल्व्हिन न करता आकडे टाकले तर भलतंच काहीतरी येईल. गणित सोडवून झाल्यावर तिने स्वतःहून "मग ऊर्जा कमी असती तर?" असं विचारलं, तर पोरगी या लायनीतली आहे असं मी म्हणेन.

कुठे शिकायचं? नावातच सिरॅमिक असलेलं बीटेक आयआयटी बीएचयूला आणि एनआयटी राउरकेलाला आहे, पहिल्याला जेईई अॅडव्हान्स्ड, दुसऱ्याला जेईई मेन. पण मला विचाराल तर सतराव्या वर्षी एवढं अरुंद दार नको. मेटलर्जी (धातुशास्त्र) आणि मटेरियल्स घ्या, पुण्यात सीओईपीला सीईटीवर मिळतं, नागपूरला व्हीएनआयटी आहे, आयआयटी मुंबईतही आहे, अणूंचं सरकणं सगळीकडे शिकवतातच आणि उद्या मन बदललं तर स्टील, बॅटरी, सेमीकंडक्टर सगळं उघडं राहतं. सिरॅमिक एमटेकला धरावं, गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन. इंजिनिअरिंग नकोच असेल तर रत्नागिरीला किंवा कणकवलीला फिजिक्स नाहीतर केमिस्ट्रीत बीएस्सी, मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, हाही चांगला रस्ता आणि खर्चाला हलका.

नोकरीचं खरं सांगते. कॉम्प्युटरवाल्यांसारखं चौथ्या वर्षाला पॅकेज हातात, असं इथे समजू नका. बीटेकनंतर लगेच म्हणाल तर मोरबीच्या टाइल्स कंपन्या, स्टील प्लांटच्या भट्टीच्या विटा बनवणारे, असं काम मिळतं, वाईट नाही पण तिला जे अणूबिणू हवेत ते त्यात कमीच. ते काम बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), कोलकात्याची काच आणि सिरॅमिकची केंद्रीय संस्था, हैदराबादचं एआरसीआय हे पावडर आणि नव्या मटेरियल्सचं संशोधन केंद्र अशा ठिकाणी, आणि संशोधनात जायचं तर पीएचडी लागतेच, म्हणजे वय २७-२८ होईपर्यंत स्टायपेंडवर. घरात हे आत्ताच बोलून घ्या, नंतर "आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं" नको.

आणि कॉलेजांचा ऑप्शन फॉर्म तिला स्वतः भरू दे, काकांना फक्त नेटकॅफेपर्यंत सोडायला सांगा.