सॅम्पमध्ये नावात अवतरणचिन्ह चालत नाही, मग एसक्यूएल इंजेक्शनची भीती का?

एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे टाइप केलेल्या मजकुरात अवतरणचिन्ह घालून डेटाबेसच्या आज्ञेत आपली आज्ञा घुसवणं. नावापुरतं तुमचं बरोबर आहे. सॅम्पचा, म्हणजे जीटीए सॅन अँड्रियास ऑनलाइन खेळायच्या सॅन अँड्रियास मल्टिप्लेअरचा सर्व्हर खेळाडूच्या नावात अक्षरं, आकडे आणि मोजकीच चिन्हं घेतो. पण डायलॉगमध्ये (खेळात उघडणाऱ्या चौकटीत) टाइप केलेल्या मजकुराला ती गाळणी नाही. गाडीची नंबरप्लेट, जाहिरात, बॅनचं कारण, धोका तिथून शिरतो.

समजा प्लेट सेव्ह करणारी अपडेट क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) तुम्ही साध्या 'फॉरमॅट' फंक्शनने जोडून बनवता आणि त्याच टेबलात 'अ‍ॅडमिन' हा कॉलम आहे. कुणी प्लेट म्हणून टाकलं:

क', अ‍ॅडमिन='5

क्वेरीचं शेवटचं अवतरणचिन्ह तुमचंच, ते 5 नंतर आपसूक बसतं. वाक्यरचना बिनचूक, एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, आणि तो गडी पाचव्या लेव्हलचा अ‍ॅडमिन! पुढच्या लॉगिनला सगळा सर्व्हर त्याच्या हातात.

उपाय सोपा आहे, कृपा करून आजच करा. मायएसक्यूएल प्लगइनचं 'मायएसक्यूएल फॉरमॅट' वापरा आणि मजकुराच्या जागी एस (%s) नव्हे, ई (%e) हा स्पेसिफायर, म्हणजे मजकूर कसा भरायचा ते सांगणारी खूण, द्या. तो अवतरणचिन्हं एस्केप करतो, म्हणजे ती आज्ञेचा भाग न मानता साधा मजकूर म्हणून घेतली जातात. एस करत नाही. नुसतं फंक्शन बदलून एस तसाच ठेवलेले गेममोड (सर्व्हरचे स्क्रिप्ट) मी खूप पाहिलेत, त्याने काहीच साधत नाही. डेटाबेसमधून वाचलेला मजकूर दुसऱ्या क्वेरीत घालतानाही ईच हवा, कारण आत अवतरणचिन्ह जसंच्या तसं साठलेलं असतं.

आणि गेमसर्व्हर डेटाबेसला रूट युझरने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) जोडू नका. टेबल उडवायचा अधिकार त्याला लागतोच कशाला?