टपाली मत विसरा, जामिनाचं बघा

धाकट्या भावाला कलेक्टर कचेरीवरच्या मोर्चात पकडलं, सव्वा महिना तो न्यायालयीन कोठडीत आहे आणि विधानसभा पोटनिवडणुकीचं मतदान पंधरवड्यावर आलंय. स्थानबद्धांना, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच आत ठेवलेल्यांना, टपाली मत मिळतं, तसं त्याला मिळेल का, असं एका ताईंनी विचारलंय. अशी पत्रं हल्ली बरीच येतात.

नाही मिळणार, ताई. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२(५): तुरुंगात किंवा पोलिसांच्या ताब्यात असलेल्याला मतदान नाही. सूट फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला. भावावर भारतीय दंड संहितेचं जुनं ३५३, म्हणजे आताचं न्याय संहितेचं १३२ (सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर) लागलंय. तो आरोपी आहे, स्थानबद्ध नव्हे. दोष सिद्ध झालेला नाही हे खरं, पण ६२(५) तेवढं बघत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ते वैध ठरवलंय. गंमत म्हणजे २०१३ च्या दुरुस्तीमुळे तो आतून निवडणूक लढवू शकतो, पण स्वतःलाही मत देऊ शकत नाही! यादीतलं नाव जाईल ही भीती सोडा, ते जात नाही.

म्हणजे उरला जामीन. मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळून तीन आठवडे झाले आणि तुम्ही कुणा ओळखीच्याच्या सांगण्यावरून चार्जशीटची वाट बघत बसलात. कशासाठी? उद्याच सेशन्स कोर्टात अर्ज टाका. तपास अधिकाऱ्याचा ‘से’, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, यायलाच एखादी तारीख जाईल. जामीन मिळेल की नाही, हे एफआयआर आणि जखमींचे दाखले बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

मिळालाच, तरी पुढे दोन खड्डे आहेत. जामीनदाराचा ऐपतीचा दाखला तहसीलमधून निघेपर्यंत मतदान उलटून जायचं. म्हणून अर्जातच मागा, की तूर्त रोख जामिनावर सोडावं आणि जामीनदार द्यायला चार आठवडे मुदत मिळावी. दुसरा खड्डा जेलच्या दारात. अनेक ठिकाणी सुटकेचा आदेश तिथल्या पेटीत टाकावा लागतो आणि ती ठरावीक वेळीच उघडते. संध्याकाळची वेळ चुकली की माणूस आणखी एक रात्र आत. वेळ गेटवर आजच विचारून ठेवा.

अर्जात मतदानाची तारीखही लिहा. तिच्यामुळे जामीन मिळत नाही, पण सुनावणी कधीकधी अलीकडची मिळते.