वाचकांचे प्रश्न : कॅम्परचा एकच हब का तापतो?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही डेन्व्हरला असतो. गेल्या वर्षी एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, २४ फुटी, दोन अ‍ॅक्सलचा, मुलं जाम खूश आहेत. विकणारा म्हणाला होता की हबच्या (चाकाच्या मधल्या फिरत्या भागाच्या) टोपीत ग्रीसचं निप्पल आहे, वर्षातून एकदा गन लावून चार-पाच पंप मारा, बाकी काही उघडायची गरज नाही. तसंच केलं. आता मोअ‍ॅबला जाऊन आलो, वाटेत गॅस स्टेशनवर उतरून हात लावून बघितलं तर उजवीकडचं मागचं चाक बाकी तिन्हींपेक्षा बरंच गरम होतं, आणि ब्रेक मारला की ट्रेलर जरा डावीकडे ओढतोय असं वाटतं. अजून ग्रीस मारू का?
— एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : दादा, आता एकही पंप मारू नका आणि ते चाक उघडल्याशिवाय पुढच्या ट्रिपला निघूच नका, हे आधी सांगतो.

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात त्या एकत्र बघा. नुसता ब्रेक अडकून चाक तापलं असतं तर ट्रेलर त्याच बाजूला, म्हणजे उजवीकडे ओढला गेला असता. तुमचा ओढतोय डावीकडे, म्हणजे उजवा ब्रेक कमी धरतोय आणि तरीही हब गरम आहे. याचा सरळ संशय असा की हबच्या मागचं, ग्रीस अडवणारं आतलं सील गेलंय, ग्रीस ड्रममध्ये उतरून लायनरवर (ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरावर) बसलंय, आणि ज्या बेअरिंगला ग्रीस हवं होतं ते कोरडं पडत चाललंय. उघडल्यावर नक्की कळेल.

आता त्या निप्पलबद्दल, कारण हा गैरसमज फार जणांचा आहे. गनमधून गेलेलं ग्रीस स्पिंडलच्या (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या) आतल्या भोकातून थेट मागे जातं, सील आणि आतलं बेअरिंग यांच्या मधे निघतं, मग आतल्या बेअरिंगमधून, हबच्या पोकळीतून, बाहेरच्या बेअरिंगमधून फिरून टोपीत परत दिसतं. पोकळी मोठी असते, त्यामुळे चार-पाच पंपांत नवीन ग्रीस बाहेरच्या बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. आणि चाक न फिरवता जोरात मारलं किंवा बॅटरीवाली गन लावली तर दाब सगळा सीलवर येतो, सीलची कड उलटते आणि ग्रीस ब्रेकमध्ये. निप्पल वाईट नाहीये, पण चाक जॅकवर उचलून, हाताने फिरवत, हातगनने हळूहळू भरायचं असतं. तेवढं करूनही बेअरिंगवर खड्डे पडलेत का, लायनर किती उरलंय हे काही टोपीतून दिसत नाही. डेक्स्टरसारखे अ‍ॅक्सल बनवणारे वर्षाला किंवा १२,००० मैलांना, जे आधी होईल तेव्हा, बेअरिंग तपासायला सांगतात ते याच्यासाठीच. माझं तर ठाम मत आहे की वापरलेला ट्रेलर घेतला की पहिलं काम चारही हब उघडणं, आधीचा मालक काहीही सांगो.

काम करताना दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून अडकण लावा, जॅक फ्रेमला लावा, अ‍ॅक्सलच्या नळीला नाही, ती वाकते. कोपऱ्यातले जे स्टॅबिलायझर असतात ते वजन उचलायला नाहीतच. चाक वर आलं की वर-खाली धरून हलवून बघा, प्ले (ढिलेपणा) किती आहे, मग फिरवून ऐका, खरखर येते का. टोपी, कॉटर पिन, नट, वॉशर काढा, बाहेरचं बेअरिंग तळहाताने सांभाळत ड्रम ओढा. येत नसेल तर ठोकू नका, मागच्या खाचेतून ब्रेकचं अ‍ॅडजस्टर सैल करा. ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा सॉल्व्हंटमध्ये स्वच्छ धुवा, हवेच्या प्रेशरने गरगर फिरवू नका. रोलरवर निळसर झाक म्हणजे ते तापून गेलंय. खड्डे, चरे, हबमध्ये बसलेल्या कपवर नख अडकणं, यातलं काहीही दिसलं तर कोन (बेअरिंगचा रोलरवाला भाग) आणि कप दोन्ही बदला, नवीन कोन जुन्या कपात घालू नका. ३,५०० पाउंडाच्या अ‍ॅक्सलला बऱ्याचदा आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ असतं, पण अंदाजाने घेऊ नका, कोनवर नंबर कोरलेला असतो तो वाचून घ्या. बेअरिंग चांगलं असेल तर ज्या कपातलं त्याच कपात परत.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, २ नंबरचं, आणि आधीचं कुठलं होतं माहीत नसेल तर सगळं पुसून मगच नवं, कारण काही जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहतात. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, वरच्या बाजूने रोलरमधून ग्रीस बाहेर आलं पाहिजे, नुसतं वरून चोपडलेलं चालत नाही. सील दर वेळी नवीनच, काही डॉलरच्या वस्तूसाठी जुनं ठोकून बसवू नका.

नट कसण्यात लोक सगळ्यात जास्त चुकतात, गाडीच्या नटासारखा आवळून टाकतात आणि मग हब पहिल्या पन्नास मैलांतच तापतो. ड्रम फिरवत फिरवत आधी साधारण ५० फूट-पाउंडांपर्यंत कसा म्हणजे सगळं जागेवर बसतं, मग ड्रम न हलवता नट सैल करा, आणि आता फक्त बोटांनी जेवढा कसला जाईल तेवढाच. पिनचं भोक जुळत नसेल तर पुढे आवळू नका, पहिलं भोक जुळेपर्यंत मागे या. नटाला धरून ठेवायचं काम पिनचं आहे, आवळण्याचं नाही.

ब्रेककडे वळू. लायनरला ग्रीस मुरलेलं असेल तर धुऊन भागत नाही, वरून कोरडं दिसतं आणि तापलं की परत ग्रीस बाहेर येतं. लायनर बदला, आणि त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर ओढणं तसंच राहणार. जाडी १/१६ इंचावर आली असेल तरी बदलायचेच. आतलं मॅग्नेट बघा, त्याचा पृष्ठभाग सपाट, सारखा झिजलेला हवा, वायर घासून उघडी पडलेली नको. ब्रेक दाबला की हेच मॅग्नेट ड्रमला चिकटून ओढलं जातं आणि त्याच्या आर्ममुळे शू (लायनर लावलेल्या पट्ट्या) उघडतात. एका मॅग्नेटला साधारण ३ अँपिअर लागतात, म्हणजे चार चाकांना १२ च्या आसपास, मीटर लावून बरंच कमी दिसलं तर कुठलं तरी मॅग्नेट नाहीतर जोड गेलाय. शेवटी अ‍ॅडजस्टर ड्रम जड होईपर्यंत फिरवायचं आणि मग लायनर किंचित घासतंय इतपत सोडायचं. नवीन शू २०० मैलांनी परत अ‍ॅडजस्ट करा, पुढे दर ३,००० मैलांनी. चाकाचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर परत टॉर्क करायला विसरू नका.

आणि तुमचा रस्ता आय-७०. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आणि डेन्व्हर ५,२८० वर, एवढा उतार ग्रीस लागलेल्या ब्रेकवर उतरायचा म्हणजे मुलांचा जीव धोक्यात घालणं आहे. ब्रेक ठीक झाल्यावरसुद्धा तिथे खालचा गिअर वापरा. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर गाडीत ठेवा, थांबलात की चारही हब बघा, आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा.

प्रश्न : दादा, मेलबर्नहून फ्लिंडर्स रेंजेसला कॅम्पर ट्रेलर घेऊन जायचंय, कच्चे रस्ते आहेत. सोबत स्पेअर बेअरिंग न्यावं का? दुकानात होल्डन का फोर्ड विचारतात.
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : जरूर न्या, सील, कॉटर पिन, ग्रीस आणि टोपीसकट. होल्डन आणि फोर्ड ही तिकडे बेअरिंगच्या दोन मापांची नावं आहेत. होल्डन म्हणजे एलएम सेट, आत एलएम ६७०४८ आणि बाहेर एलएम ११९४९. फोर्ड म्हणजे एसएल, आत एल ६८१४९ आणि बाहेर एलएम १२७४९. निघायच्या आधी एक हब उघडून नंबर बघा, तिकडे गेल्यावर कळून उपयोग नाही. पाण्यातून जायची वेळ आली तर आधी थांबून हब गार होऊ द्या, गरम हब पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. परत आल्यावर ग्रीस दुधाळ दिसलं तर सगळं धुऊन नव्याने भरा.

प्रश्न : काका, आमचा ट्रेलर न्यू जर्सीत नोव्हेंबर ते एप्रिल उभाच असतो. काही चाललाच नाही तर बेअरिंग-ब्रेकचं काय बघायचं?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : उभं राहूनही खराब होतं ताई, दमटपणाने रोलर जिथे टेकलेत तिथेच गंजाची रेघ पडते आणि ड्रमही आतून गंजतो. जमेल तेव्हा थोडा पुढे-मागे हलवा. एप्रिलमध्ये रिकाम्या, सपाट जागी २०-२५ मैलांच्या वेगाने कंट्रोलरची (गाडीत बसवलेल्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या डब्याची) हातातली कळ दाबून बघा, चाकं लॉक व्हायच्या जरा आधीपर्यंत गेन (ब्रेकचा जोर) ठेवा. ब्रेकअवेची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या सोयीची) बॅटरी हिवाळ्यात हमखास उतरते, ती आधी चार्ज करा. मग सात पिनांचा प्लग गाडीतून काढा, ब्रेकअवेची पिन ओढा आणि ट्रेलर हळूच पुढे ओढून बघा, चाकं फिरता कामा नयेत. बघून झालं की पिन लगेच परत घाला, तशीच राहिली तर बॅटरी संपते आणि मॅग्नेट तापतात. ब्रेकअवेच्या पिनची तार गाडीच्या फ्रेमला अडकवा, हिचच्या बॉलला किंवा सेफ्टी चेनला नाही, कारण हिचच निसटला तर तार त्याच्याबरोबर जाईल आणि पिन ओढलीच जाणार नाही.